मजुरीवरची दिवाळी

दिवाळीची तयारी मोबदला देऊन दुसऱ्याकडून करून घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. बलुतेदारीच्या गावात पणत्या कुंभार देई, तेल तेली देई, आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून पुजली जाणारी नवी केरसुणी मातंग कुटुंबातून शिंदीच्या पानांची बांधून येई. मोबदला रोख क्वचितच असे. सुगीचे धान्य, वर दिवाळी पोस्त आणि फराळाचे पान. (ते पान दुरूनच वाढले जाई, हाही त्या रीतीचाच भाग.) ‘पूर्वी सगळे घरीच व्हायचे’ हे दिवाळीत हमखास ऐकू येणारे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे ठरते. घरी होई ते चुलीपुढचे आणि केरवाऱ्याचे काम, आणि ते घरातल्या बायका करीत असल्यामुळे त्याला दर नव्हता. गेल्या पन्नास-साठ वर्षांत घराबाहेर गेले ते मुख्यतः हेच काम. ज्याला कधी दर नव्हता त्याचा दर ठरवायची वेळ आली, आणि तो आजही नीट ठरलेला नाही.

वाड्यांत आणि चाळींत फराळ सावडीने होई: आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. त्यामागे शेजारधर्माइतकीच कामाची गरजही होती. करंजी एकटीने करायचा पदार्थ नव्हे. एकीने पारी लाटायची, दुसरीने सारण भरून कडा चिकटवायच्या, तिसरीने कातणाने कातायचे किंवा मुरड घालायची आणि चौथीने तळणाशी बसायचे. लाटून ठेवलेली पारी वाळते, भरून ठेवलेली करंजी उघडी राहिली तर तळताना फुटते, म्हणून ओल्या फडक्याखाली झाकलेला ढीग सतत पुढे सरकत राहावा लागतो. बिऱ्हाडे लहान झाली, वाडे पडून फ्लॅट उभे राहिले, बायका नोकरीला लागल्या आणि हे चार जोड हात एका वेळी एका स्वयंपाकघरात जमेनात. बाहेर करायला देण्याच्या फराळात करंजी अगदी आधी गेली ती त्यामुळे.

तिच्याही आधी गेले होते ते यंत्राचे आणि भट्टीचे काम. नानकटाईसाठी रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, नंबर लावायचा, आणि भाजून झाल्यावर किलोमागे मजुरी देऊन पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा, ही कित्येक गावांतली दिवाळीच्या आधीची ठरलेली फेरी होती. भाजणीचे दळण गिरणीत जाई. भाजणीच्या आधी कुणाचे गहू दळले गेले तर चकली बिघडते, म्हणून त्या दिवसांत गिरणीवाले भाजणीची वेळ वेगळी ठेवतात.

फराळ करून घेण्याचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात सामान गिऱ्हाइकाचे आणि करणारीची फक्त मजुरी. पूर्वी स्वयंपाकीणबाई किंवा आचारी घरी बोलावून असेच काम करवून घेत. यात तूप-तेलाची खात्री राहते. मात्र पदार्थ बिघडला तर दोष सामानाचा की हाताचा, हा वाद मिटत नाही. दुसऱ्या प्रकारात तयार फराळ वजनावर विकत घ्यायचा. शहरांत आता जवळजवळ सगळा व्यवहार दुसऱ्या प्रकाराचा आहे. ऑर्डरी नवरात्रात सुरू होतात आणि खरे काम दसरा ते वसुबारस या अडीच आठवड्यांत उरकावे लागते. क्रम टिकण्यावर ठरतो. शंकरपाळे, चिवडा आणि कडबोळी आधी. बेसनाचे लाडू त्यानंतर. ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटी, कारण त्या दोन-तीन दिवसांपुढे राहत नाहीत. परतीचा पाऊस लांबला तर हे सारे वेळापत्रक कोलमडते. चिवडा सादळतो, चकली मऊ पडते.

फराळ करणारीची परीक्षा चकलीत होते. भाजणीचे एक रूढ प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ असे आहे. त्यात कुणी मूगडाळ घालते, कुणी पोहे, आणि धने-जिरे सगळ्यांचेच असतात. प्रत्येक धान्य वेगळे आणि मंद आचेवर भाजावे लागते. पिठात कडकडीत मोहन पडते. ते जास्त झाले तर चकली तेलात विरते, कमी झाले तर दाताला कडक लागते. आच मोठी ठेवली तर चकली वरून लाल आणि आतून कच्ची राहते, आणि तीच दुसऱ्या दिवशी मऊ पडते. तेलातले बुडबुडे मंदावले की चकली झाली, एवढी एकच खूण. पाव किलोच्या भाजणीत चूक झाली तर घरचे लोक हसून खातात. वीस किलोच्या भाजणीत झाली तर त्या दिवाळीची कमाई गेली. म्हणून मोठ्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका प्रत्येक नव्या दळणाची आधी चार चकल्यांची घाणी काढून पाहतात, आणि मगच पुढचे पीठ भिजवतात.

अनारशाची गोष्ट वेगळी आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे किंवा दळायचे, चाळायचे, गूळ किंवा पिठीसाखर आणि थोडे तूप घालून गोळे करून डब्यात मुरत ठेवायचे. तळताना खसखशीची बाजू वर ठेवतात, अनारसा उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवतात. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात ‘हसतो’, म्हणजे विखरून जातो. पीठ कोरडे पडले तर त्यात थोडे केळे कुस्करून घालतात. या पदार्थाने बाजारात मधली वाट काढली आहे. तयार अनारशाचे पीठ किलोवर विकत मिळते. आठवडाभराची मेहनत विकत घ्यायची आणि शेवटचा अर्धा तास घरी तळायचा, म्हणजे वासही घरात दरवळतो आणि अनारसे घरी केल्याचेही सांगता येते.

दराचा घोळ येथून सुरू होतो. पातळ पोह्यांचा चिवडा एका मोठ्या कढईत एका वेळी कित्येक किलो होतो. करंजी हातानेच भरावी लागते, मग त्या दहा असोत की हजार. तरीही गिऱ्हाईक दोन्हींचा भाव किलोवरच विचारते. उकडीच्या मोदकांनी हा प्रश्न गणेशोत्सवात नगावर विकून सोडवला आहे. करंजी आणि अनारसे नगावर विकायची सुरुवात पुष्कळ ठिकाणी झाली आहे, पण रुळलेली नाही. पुण्यात तर दि पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीला लाडू-चिवडा ना नफा ना तोटा तत्त्वावर विकते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उपक्रम उत्तमच. पण चिवडा किलोमागे केवढ्याला मिळावा याचा एक आकडा त्यामुळे डोक्यात बसतो, आणि त्या आकड्याशी एखाद्या बचत गटाने झुंजण्यात अर्थ नसतो. साहजिकच शहाणे गट चिवड्यावर कमावण्याचा नाद सोडून हाताच्या पदार्थांकडे वळतात.

‘घरगुती’ हा शिक्का फराळ खपवतो, आणि दर खाली ठेवतो तोही तोच. घरगुती म्हणून गिऱ्हाईक येते, आणि घरगुती आहे म्हणूनच ‘घरीच तर करता, भाडे नाही, नोकर नाहीत’ असा हिशेबही करते. सामान, गॅस, पॅकिंग, पोहोचवण्याचा खर्च आणि दुकानात ठेवल्यास दुकानदाराचे कमिशन वजा जाऊन उरेल ती मजुरी, असाच हिशेब बहुतेक करणाऱ्या बायकाही मांडतात. आधी तासांची मजुरी धरून मग भाव काढणारी क्वचित. या धंद्याची खरी दुखरी जागा हीच आहे. चकलीचा काटा मोडण्याची तक्रार त्यापुढे किरकोळ.

घरच्या हुन्नराला संघटित रूप देण्याचे महाराष्ट्रातले प्रयोग मोठे आहेत. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केली. तिथे पीठ केंद्रात मळले जाते, बायका ते घरी नेऊन पापड लाटतात आणि वजनावर मजुरी घेतात. शिवाय त्या सभासद म्हणून संस्थेच्या मालकही असतात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याच वर्षी राज्य सरकारचे महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे गावोगावच्या बचत गटांमागे ते उभे राहिले. फराळाला मात्र लिज्जतचा साचा बसत नाही. पापड बारा महिने खपतो, फराळ तीन आठवडे. करणाऱ्या बायका उरलेले वर्ष पोळीभाजीचे डबे देतात, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे घालतात. तीन आठवड्यांसाठी मोठी कढई, जादा शेगड्या आणि जादा माणसे जुळवायची, हे यातले खरे व्यवस्थापन.

कायद्याच्या नजरेत विक्रीसाठी घरी फराळ करणे हा अन्नव्यवसायच आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये लहान व्यावसायिकालाही नोंदणी लागते आणि पाकिटावर चौदा आकडी क्रमांक छापावा लागतो. तळणीच्या तेलाबाबतही नियम आहे: त्यातली ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. हे मोजायचे यंत्र घरगुती फराळवाल्यांकडे नसते. तेल काळपट आणि चिकट झाले, तापताच धूर येऊ लागला की ते काढून टाकणे एवढाच त्यांचा मार्ग. विकत घेणाऱ्याने चकलीचा वास घेऊन पाहावा. खवट वास पाकिटातून लपत नाही.

मुलांना आणि नातवंडांना परदेशी फराळ पाठवणे ही या व्यवसायाची मोठी शाखा झाली आहे. तेथे मोठा खर्च फराळाचा नसून वाहतुकीचा असतो. म्हणून कोरडे पदार्थ, हवा काढलेली पाकिटे आणि ओल्या नारळाला मज्जाव. २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी ऑगस्टअखेर काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्याला, दिवाळी आठवड्यावर आली असताना. त्या वर्षी पुष्कळ फराळ कुरियरने जादा पैसे मोजून गेला.

साफसफाईचे काम बाहेर गेले ते याहून गुपचूप. ॲपवरून येणाऱ्या कंपन्या घराच्या खोल्यांवर दर सांगतात, यंत्रे घेऊन माणसे पाठवतात आणि पंखे, जाळ्या, चिमणी, न्हाणीघराच्या फरश्या दिवसभरात लख्ख करून जातात. माळा मात्र त्यांच्याकडून होत नाही, कारण तिथले काय ठेवायचे नि काय टाकायचे हे घरातल्यांनाच ठरवावे लागते, आणि तेही दरवर्षी ठरवत नाहीत. बहुसंख्य घरांत हे जादा काम रोजच्या मोलकरणीवर पडते. बोनस कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांतला एक. पण १९६५ चा तो कायदा घरकामाला लागू नव्हता. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यांची संघटना उभी राहिली, आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार ही मागणी हळूहळू प्रथा बनली. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा राज्य कायदा झाला. तरी दिवाळीआधीच्या जादा तासांचे वेगळे पैसे द्यायचे की ते बोनसमध्येच धरायचे, हे दर घरी वेगळे ठरते. ते वेगळेच द्यायला हवेत. बोनस वर्षभराच्या कामाचा असतो.

सजावटीत फारसे गुंतागुंतीचे काही नाही. बांबूच्या कामट्या आणि खळ घेऊन घरी आकाशकंदील करणारे कमी झाले. माहीमच्या कंदील गल्लीसारख्या बाजारांत तयार कंदिलांच्या रांगा लागतात. पुण्यात तयार किल्लेही मिळतात, त्यावर अळीव पेरायची गरज उरत नाही. मावळे आधीपासूनच विकतचे होते. गोव्यात नरकासुराचा मुखवटा बाजारातून आणून धड घरी बांधण्याची तडजोड दिसते. सोसायट्या आणि कार्यालये रांगोळी काढणाऱ्यांना चौरस फुटांवर पैसे देतात. उंबऱ्यातली लहान रांगोळी, पणत्या आणि लक्ष्मीपूजन एवढे बहुतेक घरांनी स्वतःकडे ठेवले आहे. अभ्यंगस्नानाला पर्यायी माणूस पाठवायची सोय अजून निघालेली नाही.

इमारतींवर विजेच्या माळा सोडणाऱ्यांचा दर मजल्यांवर असतो. माळा उतरवण्याची मजुरी लावतानाच ठरवून तिच्यातले निम्मे पैसे हातात राखावेत, कारण त्रिपुरी पौर्णिमा उलटली की ही मंडळी फोन उचलत नाहीत.