आधी बैठक, मग गती : तारापूरहून पाण्याच्या खेळांकडे

पालघर जिल्ह्याच्या समुद्रकाठी तारापूर आणि चिंचणी ही दोन गावे खाडीच्या दोन तीरांवर वसली आहेत. तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आला. १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र याच किनाऱ्यावर सुरू झाले. पुढे बोईसरच्या बाजूस औद्योगिक वसाहत वाढली आणि तिच्या आधाराने बाजारपेठही भरली. कापड, किराणा, औषधे, हार्डवेअर अशा व्यवसायांत स्थिरावलेली जैन कुटुंबे या परिसरात मोठ्या संख्येने आहेत. समुद्र त्यांच्या दाराशी आहे, पण सुटीचा आनंद मात्र बहुधा गाडीत बसून दूर जाऊन घेतला जातो.

मे महिन्यात मुंबई, सुरत, पुण्याहून लेकी आणि नातवंडे येतात आणि एखाद्या दिवशी जलउद्यानाचा बेत ठरतो. मोठ्या गाडीत आजी-आजोबांसह साऱ्यांना जागा होते. तिथे पोहोचल्यावर मात्र एक जण पाण्याबाहेरच्या बाकावर बसतो. पिशव्या, मोबाइल, चष्मे आणि कोरडे टॉवेल सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते. कोणाचा गुडघा बदललेला असतो, कोणाची एक बाजू पक्षाघाताने दुबळी झालेली असते, कोणाला कंपवात असतो, तर कोणाला मान वळवताच चक्कर येते. कधी बाकावर बसणारी व्यक्ती वृद्धही नसते. जन्मतः स्नायूंवर ताबा कमी असलेला बारा वर्षांचा मुलगा आपल्या भावंडांचा आरडाओरडा तिथूनच ऐकत असतो.

‘तुम्ही पाण्यात येणार का?’ या प्रश्नाला घरातील वडीलधारी मंडळी बहुधा ‘नाही’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. परंतु त्या नकारामागची कारणे वेगवेगळी असतात. काहींचा तो नियम असतो. अपकाय जीवांच्या विराधनेचा विचार करून त्यांनी जलक्रीडेचा त्याग केलेला असतो. त्या नकाराला हात जोडावेत. आग्रह करू नये. काहींचा नकार भीतीतून येतो, कारण एकदा न्हाणीघरात पाय घसरलेला असतो. आणि पुष्कळांचा नकार संकोचातून येतो. आपल्यामुळे रांग थांबेल, मुलाला धरून उभे राहावे लागेल, ओल्या कपड्यांत चारचौघांत उठता येणार नाही, हे विचार त्यांच्या मनात असतात, पण ओठांवर येत नाहीत. नियमापुढे कुटुंबाने काही करावयाचे नसते. भीती आणि संकोच यांच्या बाबतीत मात्र करण्यासारखे बरेच असते. त्यासाठी अडचण नेमकी कोठे आहे, हे आधी ओळखावे लागते.

ती अडचण बोईसरच्या फलाटावरच दिसू लागते. १६ एप्रिल २०१३ पासून विरार–डहाणू रोड लोकल धावू लागली आणि या भागातील प्रवास सोपा झाला. तरी गाडीत एकदा बसल्यावर वृद्ध माणसाला त्रास होत नाही. त्रास होतो तो फलाट आणि डबा यांच्यामधली फट ओलांडताना, तेही गाडी सुटण्याच्या घाईत. जलप्रवासात तीच फट अधिक अवघड होते, कारण तिची एक बाजू हलत असते. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक मोठा आहे. सकाळी धक्क्याच्या बरोबरीने असलेली होडी दुपारी कित्येक पायऱ्या खाली गेलेली असते आणि उघड्या पडलेल्या त्या पायऱ्यांवर शेवाळ असते. गोराईच्या वॉटर किंगडमला जाणाऱ्या अनेक कुटुंबांना हा अनुभव आहे. १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आणि १९९८ साली वॉटर किंगडम सुरू झाले, तेव्हापासून मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून तेथे जाण्याचा प्रघात होता. पाण्याचे खेळ पुढे असत. त्याआधीच होडीत पाय टाकण्याची परीक्षा देऊन झालेली असे.

बोईसरहून दक्षिणेकडे निघालेल्या कुटुंबासमोर आता याच्या उलट अनुभव देणारी एक वाट आहे. सफाळ्याच्या पुढे जलसार गावाजवळील खारवाडेश्री आणि पलीकडच्या तीरावरील विरारचे मारंबळपाडा यांच्यामध्ये एप्रिल २०२५ मध्ये रो-रो सेवा सुरू झाली. महामार्गाने सुमारे साठ किलोमीटरचा वळसा पडत असे, तेथे पाण्यातून अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे. वेळ आणि इंधन यांची बचत व्यापारी माणूस लगेच मोजतो. पण चालताना तोल जाणाऱ्या माणसासाठी या सेवेचे महत्त्व वेगळे आहे. जहाजाचा रुंद उतार धक्क्यावर टेकतो, त्यावरून मोटार सरळ आत जाते, ती थांबते आणि त्यानंतरच जहाज हलते. आजींना मोटारीतून उतरावेही लागत नाही. खाडी तीच, भरती-ओहोटीही तीच. फक्त चढण्याची रीत बदलली आहे.

मारंबळपाड्याला उतरल्यावर पुष्कळ कुटुंबे अगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला जातात. या तीर्थाचे नाव परंपरेने मोतीशा शेठ यांच्याशी जोडले जाते. तीर्थयात्रा म्हटली की शत्रुंजयाची चढण आठवते आणि तिच्याबरोबर डोलीही आठवते. डोलीत बसण्याची रीत प्रत्येक जैन घराला ठाऊक आहे. डोली आधी जमिनीवर टेकते. यात्रेकरू सावकाश बसतो, पाय नीट घेतो, हात कोठे धरायचा ते पाहतो आणि ‘झाले’ म्हणतो. त्यानंतरच डोलीवाले ती खांद्यावर घेतात. उतरतानाही डोली टेकल्याशिवाय कोणी उठत नाही. आधी बैठक, मग गती. तोल सांभाळणे कठीण असलेल्या माणसासाठी पाण्याच्या खेळातही हीच कसोटी लावावी. ज्या खेळात बसून झाल्यावर हालचाल सुरू होते, त्याचा विचार करावा. ज्यात हलत्या वस्तूवर चढावे लागते, तेथे थांबावे.

विरारच्या पूर्वेस परोळच्या बाजूला ‘द ग्रेट एस्केप’ आहे, गोराईचा वारसा आहे, खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका आहे. नावे निरनिराळी असली तरी अशा ठिकाणच्या खेळांचे प्रकार थोडेच असतात आणि प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असतो. लाटांच्या तलावाची जमीन समुद्रकिनाऱ्यासारखी हळूहळू उतरत जाते. तेथे पायरी नसते, म्हणून काठावरच्या वीतभर पाण्यात बसणे बहुतेकांना जमते. लाटा सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो. तो ऐकताच कमकुवत माणसाने काठाकडे यावे. संथ वाहणाऱ्या ‘लेझी रिव्हर’मध्ये मोठ्या ट्यूबमध्ये बसून तरंगायचे असते. हा खेळ वरून सर्वांत सौम्य दिसतो, पण वाहत्या पाण्यात उभे राहून मागे न पाहता ट्यूबमध्ये बसणे आणि नंतर तिच्यातून उठणे यांतच पुष्कळांचा तोल जातो. उंच घसरगुंड्यांना ओल्या जिन्याने चढावे लागते आणि शेवटी उसळत्या पाण्यात एकट्याने उभे राहावे लागते. तिथे घसरण्याचे काही क्षण सोपे असतात, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे कठीण. बोटीच्या खेळांत काही बोटी फलाटाशी पूर्ण थांबतात. काही गोल नौकांचा फलाटच नौकेच्या वेगाने फिरत राहतो. दुसऱ्या प्रकारात वृद्धांना चढवण्यापूर्वी यंत्र थांबवता येईल का, हे चालकाला स्पष्ट विचारावे.

वस्तुतः दुबळ्या पायांचे पाण्याशी वैर नाही. कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर शरीराचा सुमारे अर्धाच भार राहतो आणि छातीइतक्या पाण्यात तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो. म्हणूनच जमिनीवर चार पावले टाकताना कण्हणारा माणूस पाण्यात मोकळेपणाने चालतो आणि म्हणूनच व्यायामोपचारात पाण्याचा उपयोग करतात. धोका आहे तो पाण्यात शिरताना आणि बाहेर येताना. बाहेर पडताच सगळा भार एकदम पायांवर परततो, पाण्याचा दाब निघून गेल्याने रक्तदाब काहीसा उतरू शकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय तोल राखण्यासाठी शरीर कानाच्या आतील यंत्रणा, डोळे आणि तळपायांची जाणीव या तिघांवर अवलंबून असते. चष्मा काढून ठेवला, फरशी ओली झाली आणि समोरचे पाणी हलू लागले की या तिघांपैकी दोन साक्षीदार एकाच वेळी डळमळतात. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच चालू लागण्याऐवजी काठावर दोन मिनिटे बसणे हा उत्तम नियम होय.

बोटीत चढवण्याचीही एक पद्धत आहे. चढणाऱ्याचा दंड ओढू नये; त्याला स्थिर कठडा धरू द्यावा आणि सोबतच्या माणसाने दुबळ्या बाजूला उभे राहावे. पाय बोटीच्या कडेवर न ठेवता मधोमध ठेवावा, कारण कडेवर भार पडताच बोट कलते. फलाट आणि बोट जवळपास एका पातळीवर असतील तर आधी काठावर बसून, मग सरकत आत जाणे उभ्याने पाऊल टाकण्यापेक्षा सुरक्षित असते. पायऱ्या असल्यास चढताना बळकट पाय पुढे आणि उतरताना दुबळा पाय पुढे, हा व्यायामोपचारतज्ज्ञांचा साधा नियम लक्षात ठेवावा. घर सोडण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. सुती साडी भिजल्यावर जड होऊन पायात अडकते आणि अनेक जलउद्यानांत सुती कपडे चालतही नाहीत. अंगभर कृत्रिम धाग्याचा सैलसर पोशाख आधीच शिवून घेतला तर संकोचाचे अर्धे कारण घरीच संपते. शनिवार-रविवार टाळून, उद्यान उघडताच गेले की रांगेचे दडपण राहत नाही आणि सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी परतणेही साधते.

कधी व्यवस्थापन एखाद्या खेळाला नकार देते. तो नकार प्रत्येक वेळी अपमान नसतो. वीज गेली वा यंत्र बंद पडले तर प्रवाशाला अरुंद जिन्याने खाली उतरावे लागते. ताठ बसणे आणि निदान एका हाताने घट्ट धरणे जमावे लागते. हे कारण शांतपणे समजून सांगितले तर ते मान्य करावे. कारण न सांगता ‘अशांना सोडत नाही’ एवढेच उत्तर मिळाले तर मात्र नियम लेखी दाखवण्यास सांगावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मनोरंजनातील सहभागही हक्काच्या कक्षेत आणतो आणि त्याच्या एकवीस प्रकारांच्या यादीत कंपवाताचाही समावेश आहे. सुगमतेचे नियम केवळ शिफारशीपुरते न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात म्हटले आहे.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात आहे. सॅन अँटोनिओ येथे २०१७ साली ‘मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड’ हे जलउद्यान सुरू झाले. गॉर्डन हार्टमन या उद्योजकाने आपल्या दिव्यांग मुलीचा विचार मनात ठेवून ते उभारले. तेथे पाण्यात चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्या मिळतात, त्यांतील काही दाबलेल्या हवेवर चालतात, आणि नदीतील बोटीवर खुर्ची सरळ आत नेता येते. दिव्यांगांना प्रवेशशुल्क नाही. आपल्या देशात चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली वाळूवरून समुद्रापर्यंत जाणारा लाकडी मार्ग झाला. खर्चाच्या मानाने तो मोठा प्रकल्प नव्हे. वाळूत चाक रुतू नये एवढीच त्यामागची कल्पना आहे.

तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्याला असा एक मार्ग मिळाला तर या परिसरातील वृद्धांना लांबच्या तिकिटाची गरज उरणार नाही. उद्योगांची वसाहत येथे आहे, व्यापारी संघटना आहेत, आणि धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ उभारण्याची समाजाची परंपरा जुनी आहे. त्या परंपरेत समुद्रापर्यंत जाणारी शंभर पावलांची लाकडी वाट शोभून दिसेल. तोपर्यंत ओहोटीच्या वेळी भिजून घट्ट झालेल्या वाळूवर एक भक्कम खुर्ची ठेवावी, शेजारी नातवाला बसवावे आणि घोट्याइतके पाणी पायांवरून जाऊ द्यावे. ज्यांचा नियम आड येत नाही, त्या आजी-आजोबांना पाण्यात न्यायचे असेल तर एवढ्यानेही सुरुवात होते.