युल्त्सेन जंक्शनची दोन पत्रं

युल्त्सेन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हँबुर्गहून हानोफरला जाताना मुद्दाम इथे उतरलो. भुसावळला हयात घालवलेले तुम्ही आधी लाइनीच विचारणार, म्हणून सांगतो: हँबुर्ग–हानोफर ही मुख्य, 1847 सालची. पूर्वेला श्टेंडालची, पश्चिमेला ब्रेमेनकडची, दक्षिणेला ब्राउनश्वाइगची. आणि रुळांचे नंबर 101, 103, 301 असे! गाव मात्र लहानच.

इमारत 1887 ची, लाल विटांची, हुबेर्ट श्टिअर या वास्तुकाराची. हानोफरला 2000 साली एक्स्पो भरलं, तेव्हा हुंडर्टवासर या व्हिएन्नाच्या चित्रकाराच्या आराखड्यानुसार ती नव्यानं सजवली. फलाटावरचे रंगीत चकचकीत खांब म्हणजे थेट मडक्यांची उतरंड. वर सोनेरी गोळे, छपरावर हिरवळ. या माणसाला सरळ रेषेचा तिटकारा, आणि काम मिळालं ते रुळांशेजारी! ते पुरं झालेलं त्यानं पाहिलं नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये प्रशांत महासागरात, बोटीवरच तो वारला.

लोक फोटो काढायला येतात. मला विचाराल तर खांब थोडे जास्तच झालेत. श्टिअरच्या विटा त्यांच्यामागे बिचाऱ्या अंग चोरून उभ्या आहेत. पण गाडीची वाट बघणं इथे कंटाळवाणं होत नाही, हे कबूल.

आईस नमस्कार.
आपला,
सुहास


झोल्टाऊ

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

युल्त्सेनहून पश्चिमेची गाडी धरली. एकेरी लाइन, डिझेलची छोटी गाडी, दोन्हीकडे झाडी नि शेतं. नाव मात्र ‘अमेरिका लाइन’! श्टेंडाल ते लांगवेडेल हा मार्ग 1873 चा. बर्लिनहून ब्रेमेनला जाणारा जवळचा रस्ता. पूर्वेकडून बोचकी घेऊन निघालेली माणसं याच वाटेनं ब्रेमरहाफेनच्या बंदराला आणि तिथून बोटीनं अमेरिकेला जात. युल्त्सेन त्यांच्या वाटेतलं जंक्शन.

युद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि ही लाइनही सीमेवर तुटली. युल्त्सेनच्या पूर्वेला झाल्त्सवेडेलपर्यंतचा तुकडा जर्मनी एक झाल्यावरही काही वर्षं बंदच होता. डिसेंबर 1999 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे सोनेरी गोळे आणि पूर्वेची गाडी साधारण एकाच सुमारास आली. मला विचाराल तर जंक्शनच्या दृष्टीनं गाडी येणंच मोठं. तुम्ही याल तेव्हा खांब बघून लगेच हानोफरची गाडी पकडायची नाही. आधी या लाइनीवर बसायचं.

आपला,
सुहास