संदर्भासह स्पष्टीकरण

पाथर्डीकडे आम्ही दोघे नवराबायको मराठी शिकवतो. ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न इतकी वर्षे विद्यार्थ्यांना घातला. २०१२ साली तो आमच्याच पुढ्यात आला. थोरलीचा जन्म सीझरने झाला होता. दुसऱ्या खेपेला गावातल्या डॉक्टरांनी फाइलीतून मान वर न करता सांगितले, “एकदा सीझर झाले की पुढेही सीझरच.”

वाक्य म्हणीसारखे गोटीबंद होते, म्हणूनच शंका आली. शोधता कळले की ते १९१६ सालचे, न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांचे. तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घेत. तो व्रण पुढच्या कळांत उसवण्याची भीती मोठी. म्हणून पहिलेच सीझर शक्य तो टाळा, असा त्यांचा रोख होता. अपवादही त्यांनी तिथेच नोंदवले होते. पुढे छेद खालच्या भागावर आडवा आला, म्हण मात्र तशीच राहिली. आज असा एकच आडवा छेद असलेल्या आणि कळा देऊ पाहणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण बहात्तर ते पंचाहत्तर जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एक. तो एक मात्र मायलेकरांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून जागा शस्त्रक्रियेची सोय असलेलीच हवी.

आमच्या एक आत्या जामखेडकडच्या. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तिथे सुरू केलेल्या प्रकल्पातल्या गावोगावच्या आरोग्यसेविका त्यांनी पाहिलेल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्या बाळंतपणे करीत, आणि कोणती बाई वेळीच इस्पितळात धाडायची हेही ओळखत. आत्या म्हणाल्या, “पोरी, हात चालवणारे पुष्कळ भेटतील. थांबायचं कधी आणि उठायचं कधी, हे कळणारं माणूस बघ.”

करंजी घाटातून नगरला तीन खेपा झाल्या. प्रश्न तेच: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्ताची सोय कुठे? तारीख उलटली तर किती दिवस वाट पाहाल? एके ठिकाणी हसण्यावारी गेले, दुसरीकडे लगेच होकार मिळाला; त्या होकाराचीही भीती वाटली. तिसऱ्या बाईंनी आधी जुने कार्ड मागितले. त्यावर छेदाचा उल्लेखच नव्हता. पहिल्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची नोंद आणवून, ती वाचून त्या म्हणाल्या, “नॉर्मलचा शब्द देत नाही. थांबण्याचा देते. कळा सुरू होताच मात्र निघायचं.”

‘बाळंत होणे’ या क्रियेची कर्ती बाई असते. ‘सीझर करणे’ याचा कर्ता डॉक्टर. वर्गात शिकवलेले हे व्याकरण तिथे प्रथम समजले.

चौदा तास कळा दिल्या. मग प्रगती थांबली. बाईंनी शेजारी बसून कारण सांगितले, आमचे म्हणणे ऐकले, आणि आमच्या संमतीने सीझर केले. मुलगा झाला. “मग एवढा खटाटोप कशाला?” असे पुष्कळांनी विचारले. पहिल्या वेळची हुरहुर दुसऱ्या वेळी उरली नाही, एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे.

घरी निघताना मिळालेल्या कार्डावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: छेद आडवा, खालच्या भागावर, कारण अमुक. पुढच्या वाचणाऱ्यासाठी संदर्भ पुरा होता.