दुखायचं थांबलं म्हणजे जुळलं असं नाही



गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हाडापासून सुटलेला टेंडन पुन्हा हाडाला शिवला आणि 6 आठवडे हात स्लिंगमध्ये ठेवायला सांगितलं.

घरी आले तशा मोठ्या जाऊबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "अगं, हात असा बांधून ठेवलास तर आखडून बसेल. मी रोज भिंतीवर बोटं चढवायची, तेव्हा कुठे माझा हात वर गेला." त्यांचं खोटं नव्हतं. पण त्यांना झाला होता फ्रोजन शोल्डर. त्यात सांध्याचं आवरण आखडतं, म्हणून ते हळूहळू ताणावं लागतं. माझा टेंडन मात्र नुकताच शिवलेला, त्याला अजून हाडाला धरायचं होतं. दोघींचा खांदाच दुखत होता, पण औषध एक नव्हतं.

मी कॉमर्सवाली. वहीत रकाने आखले: आठवडा, काय करायचं, काय नाही. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं. मग फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हा पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने झुलवायचा. हात वर न्यायचा तोही दुसऱ्याच्या आधाराने. स्वतःच्या जोराने उचलायचा 6 आठवड्यांनंतर, आणि रबरी पट्ट्याचे ताकदीचे व्यायाम साधारण तिसऱ्या महिन्यानंतर.

चौथ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं आणि तिथेच मी फसले. एका संध्याकाळी चौविहाराची घाई होती. ह्यांना हाक मारायची सोडून मी स्लिंग काढली आणि वरच्या फळीवरचा मुगाचा डबा उजव्या हाताने ओढला. खांद्यात अशी कळ आली की डबा तिथेच सुटला. मूग घरभर, आणि मी खाली बसून रडतेय. ती रात्र मी जागून काढली. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर?

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. टाके शाबूत होते. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "दुखणं आधी जातं, टेंडन मागाहून जुळतो. मधल्या काळात सगळं फक्त टाक्यांवर असतं."

मी विचारलं, मग लवकर व्यायाम करणाऱ्यांचं काय? ते म्हणाले, फाट लहान असेल तर काही डॉक्टर लवकर सुरू करतात. सुरुवातीचे काही महिने त्यांचा हात जास्त वर जातो. वर्षभरानंतर मात्र फारसा फरक राहत नाही. फाट मोठी असेल तर घाईने टेंडन पुन्हा सुटण्याची भीती असते. माझी मोठी होती.

सामायिकाला बसलं की मन लागलं म्हणून आपण 40 मिनिटांत उठत नाही, 48 पूर्ण करतो. हे मला रोज कळत होतं, खांद्याच्या बाबतीत मात्र कळलं नाही.

चौथ्या महिन्यात मी पहिली पोळी लाटली. वाकडी झाली, पण ह्यांनी दोनदा मागून घेतली.

तुमच्यापैकी कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: फाट केवढी होती, स्लिंग कधी काढायची, आणि हात स्वतःच्या जोराने कधी उचलायचा. उत्तरं वहीत लिहा. आणि माझ्यासकट कुणाच्याही अनुभवावर आपल्या तारखा ठरवू नका.