टोमॅटोवरची अळी, अळीवरची कोंबडी

2021 साली सोयाबीन पेंडीने आम्हा कोंबड्या पाळणाऱ्यांना रडवलं. एरवी किलोला 40 रुपयांच्या आसपास मिळणारी पेंड पावसाळ्यात 90 च्या पुढे गेली. बोंब इतकी झाली की त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्या पेंडीचा आमच्यासारख्यांच्या परसातल्या गावरान कोंबड्यांना काय उपयोग? मका घरचा होता, पण मक्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला 16-17 टक्के लागतात. मधली तूट पेंडच भरून काढते.

आमचा जुन्नर तालुका टोमॅटोचा. नारायणगावच्या बाजारात हंगामात फुटका, नरम पडलेला माल ढिगाने टाकून दिला जातो. त्याच मालावर ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची अळी वाढवता येते, हे एका प्रशिक्षणात कळलं आणि मी ते मनावर घेतलं. माशी म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण ही माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर ती जवळजवळ काहीच खात नाही, आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते. शिवाय जिथे तिच्या अळ्या दाट असतात, तिथे घरमाशी अंडी घालायला धजत नाही. आमच्या शेडमागच्या माश्या कमी झाल्या, तेव्हा शेजाऱ्यांची कुरकुरही थांबली.

सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. म्हणाल्या, “आम्ही पिल्लांना वाळवी चारायचो की! मडक्यात शेण आन् काड्याकुड्या भरायच्या, पाणी मारायचं आन् वारुळापाशी पालथं घालायचं. सकाळी मडकं उचललं की पिल्लं तुटून पडायची.” उकिरडा उकरणारी कोंबडी तरी दुसरं काय शोधत असते!

माशीची अंडी बघावी ती लाकडी पट्ट्यांच्या फटीत. दोन-तीन पट्ट्या दोऱ्याने एकावर एक बांधून टबातल्या सडक्या मालाच्या वर ठेवायच्या. मादी ओल्यावर अंडी घालत नाही. ती वासाने येते आणि जवळची कोरडी फट शोधते. पट्टी उघडली की तांदळाच्या कणीहून बारीक, दुधाळ रंगाच्या अंड्यांचा पुंजका दिसतो. एकेका पुंजक्यात 500 च्या आसपास अंडी. चार दिवसांत अळ्या निघतात, आणि पंधरवड्यात टबातला टोमॅटो नाहीसा होऊन खाली काळसर, भुसभुशीत खत उरतं. टबाजवळ कान नेला तर सारखी सळसळ ऐकू येते, आणि हात घातला तर आतला माल चक्क गरम लागतो. टोमॅटो फार पाणचट, म्हणून मी गव्हाचा कोंडा मिसळते.

पूर्ण वाढलेली अळी काळपट होते, खाणं सोडते आणि कोषात जाण्यासाठी कोरडी जागा शोधत निघते. टबाला उतरती फळी लावली की रात्रीतून अळ्या आपणहून वर चढतात आणि पलीकडच्या बादलीत पडतात. वेचायची गरजच नाही. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करावाच लागतो. टबाच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले नाहीत तर अंडी शिल्लक राहत नाहीत. आणि जुन्नरची थंडी! माश्यांचं मीलन उन्हात होतं. पौषात गारठा पडला की अंडी घटतात, आणि तेव्हा पेंड विकत आणावीच लागते.

ओल्या अळीत दोन तृतीयांश पाणी असतं. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवली की साधारण 40 टक्के प्रथिनं, त्याला जोडून भरपूर चरबी आणि चुना. प्रथिनांत ती पेंडीच्या तोडीची, पण चरबीमुळे नुसत्या अळीवर पक्षी ठेवला तर तो माजतो आणि अंडं कमी देतो. म्हणून मी पेंड बंद केलेली नाही, तिचा काही भाग अळीवर भागवते. पेंड अजिबात नको असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे ते अळीचं खाणं. हाडामांसाच्या चुऱ्यातून गायींमध्ये पसरलेल्या रोगाने युरोपला असा धडा शिकवला, की तिथे कीटकांची प्रथिनं माशांच्या खाद्यात 2017 साली आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात थेट 2021 साली आली. तीही अटींवर: अळीला विष्ठा घालायची नाही, हॉटेलातलं उष्टं घालायचं नाही. कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या अंगात साठतो आणि पुढे कोंबडीच्या पोटात जातो. म्हणून शहरातला मिसळलेला कचरा, कारखान्याचा गाळ, मेलेले पक्षी मी टबाच्या आसपासही येऊ देत नाही. टोमॅटोही ताजी फवारणी झालेल्या प्लॉटमधला घेत नाही.

वाळवलेल्या अळीच्या पिशव्या आता बाजारात मिळतात. त्या भावात छोट्या माणसाला परवडत नाही. अळीचा फायदा आपल्या दारी, आपल्या वाया जाणाऱ्या मालावर वाढवण्यातच आहे. सुरुवात एका टबाने करा. आणि पिशवी घ्यायचीच असेल, तर ही अळी काय खाऊन वाढली, हे दुकानदाराला आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती घेऊ नका.