गावचा नट

२०१० सालचा जानेवारी. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती, त्याच दिवसांत मी ‘नटरंग’ सिनेमा पाहिला. शेजारच्या खुर्चीवर यंत्रमागावर काम करणारे एक काका होते, दुपारची पाळी बुडवून आलेले. पडद्यावर गुणा कागलकराची पहिलवानी छाती दिसली तसे माझ्याकडे वळून म्हणाले, “आपल्या सोलापूरचं पोरगं हाय बे हे!” पुढं तोच गुणा तमाशातला नाच्या व्हायला उभा राहिला. खांदे उतरले, मनगट सैल पडलं, चाल बदलली. काका पुन्हा काही बोलले नाहीत. मध्यंतरात चहालाही उठले नाहीत.

ते पोरगं म्हणजे अतुल कुलकर्णी. जन्म १९६५ चा, बेळगावचा. पण शाळा आमची, हरिभाई देवकरण. ‘नाट्य आराधना’ या सोलापूरच्या हौशी संस्थेत त्यानं नाटकं केली, मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय गाठलं आणि १९९५ साली तिथून बाहेर पडला. हे दोन ओळींत लिहून होतं. पण आमच्याकडं हौशी नाटक म्हणजे काय, ते पाहिलेल्यालाच ठाऊक. दिवसभर नोकरी, रात्री तालीम. मे महिन्यात पत्रे तापलेले, पंख्याचा वारासुद्धा गरम. एकाच वाक्यावर तासभर अडलेला नट, आणि बाहेर मागांचा खडखडाट. पैसा मिळत नाही, नावही गावाबाहेर जात नाही. तरी माणसं येतात.

त्याच्या कामांत मला सगळ्यांत मोठी वाटते ती एक जोडी. नव्वदच्या दशकात ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकात तो गांधी झाला: मुलगा हातातून निसटत चाललेला बाप. आणि २००० सालच्या कमल हासनच्या ‘हे राम’मध्ये तोच श्रीराम अभ्यंकर झाला, गांधींना मारायला दुसऱ्याला तयार करणारा. घोड्यावरून पडून अभ्यंकर लुळा होतो. मग अंथरुणावर उरतात फक्त डोळे आणि आवाज. हात हलत नाही, मान हलत नाही. तरी समोरच्याकडून तो शपथ घेतो, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. या कामाला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं ‘चांदनी बार’साठी तोच पुरस्कार पुन्हा मिळाला. ज्यानं गांधींचं दुःख स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यानंच गांधींचा द्वेषही तितक्याच खरेपणानं उभा केला. दोन्हींपैकी एकाही माणसाला त्यानं खोटं पाडलं नाही. नटाचं मोठेपण मी यातच मोजतो.

सोलापूरकराला हे जास्त भिडतं, त्याला कारण आहे. मे १९३० मध्ये गांधींना अटक झाली आणि हे गाव पेटलं. इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आमचं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे, हुतात्मा स्मृती मंदिर. ‘रंग दे बसंती’त हाच नट रामप्रसाद बिस्मिल होऊन फासाकडं निघाला, तेव्हा मला बिस्मिलचा काकोरी कट आठवलाच नाही. मला आमचे चौघे आठवले.

‘नटरंग’साठी त्यानं आधी पहिलवानाचं अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. कमावलेलं शरीर उतरवणं किती जिवावर येतं, ते तालमीत घाम गाळलेल्या कुठल्याही पोराला विचारा. आमच्या गल्लोगल्ली तालमी आहेत. काका गप्प का झाले, ते मला घरी परतताना रस्त्यात कळलं. त्यांचे स्वतःचे दंड अजून पीळदार होते.

राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली की हुतात्मा स्मृती मंदिरात हौशी मंडळी आजही रंगमंचावर उभी राहतात. पुढच्या रांगा बऱ्याचदा रिकाम्या असतात. सोलापुरात असाल, तर एका संध्याकाळी जाऊन तिथं बसा.