आजोळ कुठलं? ‘नागपूरजवळ’!

‘‘तुझं आजोळ कुठलं गं?’’

गेली दहा वर्षं या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं होतं. ‘‘नागपूरजवळ.’’ दोनशेक किलोमीटरवरच्या गावाला ‘जवळ’ कसं म्हणायचं, असं पुण्यात कुणी विचारत नाही. खरं नाव मी एकदाच सांगितलं होतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. गोंडपिपरी! अख्खा बाक हसला. ‘‘तिकडे वाघ घरात येतात का गं?’’ मग मीही हसले. त्या दिवसापासून गोंडपिपरी माझ्या बोलण्यातून गायब.

गेल्या जानेवारीत मात्र गंमत झाली. आमच्या ग्रुपचं कोलाडचं राफ्टिंग करून झालं होतं. तिथली कुंडलिका नदी सकाळी उसळते ती भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडतात म्हणून. म्हणजे अॅडव्हेंचरसुद्धा टाइमटेबलप्रमाणे! आता सगळ्यांना नदी, डोंगर, जंगल असं ‘काहीतरी हटके’ हवं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘माझ्या मामाकडे जाऊ या?’’ आणि लगेच जीभ चावली. पण तोवर नागपूरची तिकिटं बुक झालेली होती.

नागपूरहून गाडी करून चंद्रपूर, तिथून पुढे गोंडपिपरी. मामीनं गरमागरम सांबारवडी पुढे ठेवली. ग्रुपमधली एक जण वाटीत सांबार शोधत बसली. शेवटी मामीनंच सांगितलं, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात! सगळे हसले. मी मात्र कानकोंडी. मामाचं ‘काहून’ आणि ‘पोट्टे’ ऐकून हे लोक पुण्यात काय नक्कल करतील, हाच विचार डोक्यात.

गोंडपिपरी तालुका दोन मोठ्या नद्यांच्या बेचक्यात आहे. एकीकडे वर्धा, तिच्या पलीकडे तेलंगणा. दुसरीकडे वैनगंगा, तिच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. दोघी मध्य प्रदेशातल्या सातपुड्यात जन्मतात, एक बैतूल जिल्ह्यात, दुसरी सिवनीत. शेकडो किलोमीटर वेगवेगळ्या वाटांनी येऊन त्या चपराळ्याजवळ भेटतात आणि दोघींचीही नावं तिथे संपतात. पुढे ती होते प्राणहिता. ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आष्टीचा पूल ओलांडून आम्ही वैनगंगेच्या पलीकडे गेलो. चपराळा अभयारण्य १९८६ सालचं. वनखात्याची परवानगी घेतली, सोबत एक वाटाड्या. साग, ऐन, मोह, तेंदू आणि मधूनमधून बांबूची बेटं. टेकडी सह्याद्रीच्या हिशेबात किरकोळ. आमच्या ट्रेकर मित्रानं तर ‘‘हा काय वॉर्म-अप आहे का?’’ असं विचारूनही टाकलं. तेवढ्यात पुढे चालणाऱ्या वाटाड्यानं हात वर केला. ओलसर मातीत ताजा, ताटलीएवढा ठसा. पुढची दहा मिनिटं आमच्यातलं कुणी बोललं असेल तर शपथ! वर पोचलो तेव्हा खाली धुकं विरत होतं आणि झाडांच्या मधून नदी चकाकत होती. राजगडही पाहिलाय, हरिश्चंद्रगडही. पण इतकी शांतता मी कुठेच ऐकली नव्हती.

दुपारी नदीवर आलो. कॅलेंडरमधल्या फोटोसारखी दोन रंगांच्या पाण्यांची रेघ दिसेल असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. फक्त पाणी आणि पांढरी स्वच्छ वाळू. ट्रेकर मित्राला समोरच्या वाळूच्या बेटावर चालत जायचं होतं. पाणी तर गुडघाभरच दिसत होतं.

‘‘तिकडं नको जाऊ रे पोट्टेहो,’’ मामा म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मामाची सख्खी भाची, म्हणाले, ‘‘मामा, यांना सवय आहे. ट्रेनिंग झालंय त्यांचं.’’ वर मीच सर्वांत पुढे निघाले.

आठ-दहा पावलं ठीक गेली. मग पायाखालची वाळू सरकली आणि मी एकदम छातीभर पाण्यात. पाय टेकेना. पाणी वरून शांत, खालून मात्र ओढतंय. ओरडायलाही सुचलं नाही. एवढ्यात खांद्याला काहीतरी टोचलं. मामाच्या हातातला बांबू! मी ‘नको’ला धुडकावून पाण्यात शिरल्यापासून तो माझ्यामागे चालत होता.

बाहेर आल्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. बिडी पेटवत म्हणाला, ‘‘नदी दरसाल नवी असते बाई. मागच्या साली वाळू होती तिथं औंदा डोह. मी बी डोंगेवाल्याला विचारल्याबिगर पाय टाकत नाही.’’ मग २०२०च्या ऑगस्टबद्दल सांगत बसला. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाची ३३च्या ३३ दारं उघडली होती आणि वैनगंगेनं काठ कुठला, शेत कुठलं, काही ठेवलं नव्हतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये यातलं काहीच नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बुडता बुडता वाचले म्हणून नाही. मित्रांसमोर माझी शान राहावी म्हणून मी मामाचा शब्द खाली पाडला, आणि त्यानं तरी बांबू खाली ठेवला नाही, म्हणून. सकाळी त्याला ‘सॉरी’ म्हणायला गेले, तर तो माझे चिखलानं भरलेले बूट धुऊन उन्हात ठेवत होता. ‘‘पुढच्या बारीला मोहफुलं पडतात तवा ये,’’ एवढंच म्हणाला. माझं सॉरी घशातच राहिलं.

परतताना ट्रेकर मित्रानं मामाचा नंबर मागून घेतला. ‘‘पुढच्या वेळी तू नसलीस तरी चालेल,’’ म्हणाला! नक्कल मात्र कुणीच केली नाही. दहा वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते हसू माझ्याच डोक्यात उरलं होतं.

परवा एका नव्या एडिटरनं सहज विचारलं, ‘‘गाव कुठलं तुझं?’’

‘‘आजोळ गोंडपिपरी. वर्धा आणि वैनगंगेच्या मधे.’’

‘‘हे कुठे आलं?’’

मी खुर्ची पुढे ओढली. सांगायला बराच वेळ लागणार होता.